लग्नाचा स्वयंपाक घरी करायचा असेल, तर मेन्यू सर्वांत शेवटी ठरवा

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न चार महिन्यांवर आले आहे. पाहुणे साधारण १५० होतील. केटररने सांगितलेला आकडा आमच्या एकूण तरतुदीच्या जवळजवळ निम्मा असून तो आम्हाला झेपणारा नाही. आई, मावशी, मी आणि माझ्या दोन मैत्रिणी अशा आम्ही पाचजणी स्वयंपाक करायला तयार आहोत. आम्ही अकरा पदार्थ निवडले आहेत. आदल्या दिवशी सगळे शिजवून ठेवायचे आणि लग्नाच्या दिवशी हॉलवर नेऊन गरम करायचे, असा बेत आहे. बहिणीला हे जमेल असे वाटत नाही, आईचा मात्र आग्रह आहे. आम्ही काय करावे?

उत्तर : तुम्ही हा स्वयंपाक घरी करू शकता, पण आज आखला आहे तसा नाही. १५० माणसांचे जेवण पाच सुगरणींच्या आवाक्याबाहेरचे नसते. मात्र अकरा पदार्थ, सगळे आदल्या दिवशी शिजवलेले, घरच्या शेगडीवर आणि घरच्या फ्रिजच्या भरवशावर, शिवाय करणाऱ्या पाचजणींपैकी तिघी नवरीच्या अगदी जवळच्या नात्यातल्या, हा बेत मला धोक्याचा वाटतो. तो कुठे बदलायचा ते नीट सांगते, म्हणजे आईचा आग्रह आणि बहिणीची काळजी या दोन्हींना न्याय देता येईल.

सुरुवात आकड्यापासून करू या. केटररच्या आकड्यात केवळ शिध्याची किंमत नसते. वाढपी, भांडी घासणारी माणसे, मोठी पातेली, ताटे-वाट्या, अन्न गरम ठेवण्याची साधने, इंधन, वाहतूक आणि ऐनवेळी काही बिघडले तर ते निस्तरण्याची जबाबदारी, हे सगळे त्यात धरलेले असते. स्वतः स्वयंपाक करताना शिध्याचा हिशेब सगळे मांडतात, पण भाड्याची पातेली, बर्फ, कचऱ्याच्या पिशव्या, झाकणाचे डबे, हातमोजे, पुसायची फडकी, टेम्पोचे भाडे आणि फुटलेल्या ताटांची भरपाई यांचा हिशेब बहुतेक वेळा लग्न झाल्यावरच लागतो. म्हणून एका कागदावर दोन रकाने करा. एका रकान्यात केटरर देणार असलेली प्रत्येक गोष्ट लिहा आणि दुसऱ्यात ती तुम्ही कुठून आणि किती पैशांत आणणार हे लिहा. त्याच बैठकीत केटररला आणखी दोन वेगळे आकडे विचारा : तो फक्त शिजवलेले अन्न पोचवील तर किती घेईल, आणि फक्त वाढपी व भांडी घासणारी माणसे देईल तर किती घेईल. बचतीचा सर्वांत शहाणपणाचा मार्ग पुष्कळदा या दोन आकड्यांमध्ये सापडतो, कारण मुख्य दोन-तीन पदार्थ घरी करून बाकीचे बाहेरून मागवले तरी खर्च बऱ्यापैकी खाली येतो आणि घरच्या माणसांचे हालही होत नाहीत.

त्यानंतर हॉलच्या व्यवस्थापकांना भेटा, आणि ही भेट मेन्यूवर आणखी चर्चा करण्याआधी घ्या. बाहेरून आणलेले किंवा घरी शिजवलेले अन्न तिथे चालते का, चालत असेल तर कोणत्या अटींवर, हे लेखी मागून घ्या, कारण पुष्कळ ठिकाणी ते मुळीच चालत नाही आणि काही ठिकाणी त्यासाठी वेगळे शुल्क लावतात. स्वयंपाकघर किती वाजता ताब्यात मिळेल, फ्रिज आहे का आणि त्यात प्रत्यक्ष किती जागा रिकामी असेल, गरम पाणी आणि भांडी घासायची जागा आहे का, गॅसची शेगडी आत लावता येते का, हे सगळे जागेवर उभे राहून पाहा. विजेवर चालणारी पाण्याची किटली आणि अन्न गरम ठेवणारे यंत्र यांतले प्रत्येक साधारण दोन किलोवॉट खेचते. दोन्ही एकाच सर्किटवर लावली, तर जेवणाच्या वेळीच वीज जाण्याची शक्यता असते. कोणता प्लग कोणत्या सर्किटवर आहे, हे त्यांच्याकडूनच समजून घ्या.

आता तुमच्या बेतातल्या सर्वांत नाजूक भागाकडे येते, तो म्हणजे आदल्या दिवशी शिजवून ठेवणे. शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सियसच्या दरम्यान राहिले की त्यात जंतूंची वाढ होते, आणि पोषक वातावरणात काही जंतू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतात. म्हणजे एका जंतूचे तासाभरात आठ, दोन तासांत चौसष्ट आणि चार तासांत चार हजारांहून अधिक जंतू होतात. घरच्या चार माणसांच्या भांड्यातले अन्न लवकर निवते, म्हणून हा प्रश्न एरवी आपल्या लक्षातही येत नाही. मोठ्या पातेल्यात मात्र तो उभा राहतो. रात्री दहा वाजता ४० लिटर रस्सा तयार झाला, झाकण ठेवून ओट्यावर निवायला सोडला, तर सकाळी वरचा थर हाताला गार लागतो, पण पळी तळापर्यंत घालून ढवळले की मधला भाग अजून कोमट असल्याचे कळते. त्या कोमट भागाने सगळी रात्र जंतूंना मानवणाऱ्या तापमानात काढलेली असते. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जंतू मोठ्या भांड्यांतल्या सावकाश निवणाऱ्या रश्श्यांत आणि मांसाच्या पदार्थांत वाढतो, तो अशाच परिस्थितीत. सकाळी उकळी आणली की सगळे शुद्ध होते, हा समज तर फारच घातक आहे, कारण भातात वाढणारा बॅसिलस सिरियस आणि हातावरच्या जखमेतून अन्नात जाणारा स्टॅफिलोकोकस हे जंतू असे विष तयार करू शकतात की जे पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही.

म्हणून व्यावसायिक स्वयंपाकघरांत पाळला जाणारा नियम तुम्हीही पाळा : शिजवलेले अन्न ६० अंशांवरून साधारण २० अंशांपर्यंत दोन तासांत आणि तिथून ५ अंशांपर्यंत पुढच्या चार तासांत उतरले पाहिजे. त्यासाठी ते पातेल्यातून काढून उथळ ट्रेमध्ये किंवा परातीत सुमारे पाच सेंटिमीटर जाडीच्या थरात पसरावे लागते, ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवावे लागतात आणि अधूनमधून ढवळत राहावे लागते. हे काम किती मोठे आहे याची कल्पना यावी म्हणून सांगते, ४० लिटर पातळ रस्सा ६० अंशांवरून ५ अंशांवर आणायचा तर जवळजवळ २७-२८ किलो बर्फ वितळेल इतकी उष्णता त्यातून काढावी लागते. घरचा फ्रिज गार अन्न गार ठेवण्यासाठी केलेला असतो. त्यात गरम पातेले सरकवले, तर पातेल्यातले अन्न वेळेत गार होत नाहीच, शेजारी ठेवलेले दूधही तापते. त्यामुळे तुमच्या आणि शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये मिळून किती ट्रे मावतात ते मोजा, आणि जेवढे मावतात तेवढेच आदल्या दिवशी शिजवा. मेन्यूवर मर्यादा घालायची असेल, तर ती या मोजणीने घालावी.

भात मी तुमच्या जागी आदल्या दिवशी अजिबात केला नसता. तो त्याच दिवशी, हॉलवर किंवा हॉलच्या अगदी जवळ, जेवणाच्या वेळेला धरून दोन-तीन वेळा थोडा थोडा करावा. इतर पदार्थ सोबत असतील, तर माणशी ७० ग्रॅम कच्चा तांदूळ पुरतो. १५० माणसांना साडेदहा किलो तांदूळ लागेल आणि त्याचा साधारण २६ ते ३० किलो भात होईल. मोठ्या पातेल्यात वाफ होऊन उडणारे पाणी प्रमाणाने कमी असते, म्हणून घरच्या मापाला सरळ गुणून पाणी घातले तर भात गिचका होतो. मीठ-मसाल्यांचेही असेच आहे. गुणाकाराने येणाऱ्या मापाच्या तीन चतुर्थांशच सुरुवातीला घाला आणि मग चव बघत वाढवा, कारण मीठ जास्त झाल्यावर ४० लिटर रस्सा दुरुस्त करायला लागणारी भांडी आणि वेळ त्या दिवशी कुणाकडे नसतील.

घरच्या शेगडीचा अंदाजही आधी घ्या. घरगुती शेगडीचा मोठा बर्नर भांड्यातल्या पाण्याला दीड किलोवॉट उष्णता देतो असे धरले, तर २५ अंशांचे ५० लिटर पाणी उकळायला जवळजवळ तीन तास लागतात. म्हणजे शिजवणे दूरच, नुसते आधण यायलाच सकाळ संपते. मोठ्या पातेल्यांसाठी रुंद बुडाची मोठी शेगडी भाड्याने घ्या, ती उघड्या किंवा चांगली हवा खेळणाऱ्या जागी लावा आणि अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवा. बंद खोलीत मोठी शेगडी तासन्‌तास पेटली, तर कार्बन मोनॉक्साइड साचण्याचा धोका असतो. शिवाय ५० लिटरचे भरलेले पातेले भांड्याचे वजन सोडूनच ५० किलोंच्या वर जाते, आणि ते उचलताना झालेल्या भाजण्याच्या घटना घराघरांत ऐकायला मिळतात. एका मोठ्या पातेल्याऐवजी वीस-वीस लिटरची तीन पातेली घ्या आणि ती काठोकाठ भरू नका.

आता पदार्थ. अकराचे पाच करा, आणि त्यांतलेही एक-दोन बाहेरून आणा. हे काटकसरीपुरते सांगत नाही. पदार्थांची संख्या वाढली की प्रत्येक पाहुणा प्रत्येकातले थोडे थोडे घेऊन पाहतो, त्यामुळे ताटातले एकूण अन्न वाढते, आणि कोणता पदार्थ किती संपेल याचा अंदाज चुकत जाऊन प्रत्येक पातेल्यात थोडे थोडे उरते. पाच पदार्थ असतील तर प्रत्येकाचा अंदाज नेमका बांधता येतो. निवडताना असे पदार्थ घ्या, जे तासभर गरम राहिले तरी बिघडत नाहीत : कडधान्यांचे आणि रश्श्याचे पदार्थ यात बसतात. तळलेले, शेवटच्या क्षणी सजवावे लागणारे आणि प्रत्येक ताटासाठी वेगळे करावे लागणारे पदार्थ टाळा. कच्च्या अंड्याचे, क्रीमचे किंवा समुद्री माशांचे पदार्थ तर घरच्या सोयींवर ठेवूच नका. गोड पदार्थ खोलीच्या तापमानाला टिकणारा असेल, तर तो दोन-तीन दिवस आधी होऊन मनावरचा एक भार उतरतो. ब्रेड किंवा तत्सम भाजलेला पदार्थ घरी करण्यात अर्थ नाही, तो विकत आणा.

चिरण्या-सोलण्याच्या कामाला आपण नेहमी कमी लेखतो, म्हणून एक हिशेब देते. २० किलो बटाटे म्हणजे मध्यम आकाराचे सुमारे १३० बटाटे. एक बटाटा सोलायला एक मिनिट धरले तरी एकाच माणसाचे दोन तासांहून अधिक त्यातच जातात, आणि साली काढल्यावर वजनाचा पाचवा-सहावा हिस्सा कमी होतो तो वेगळाच. सोललेल्या-चिरलेल्या भाज्या विकत मिळत असतील, तर त्यांचा जास्तीचा दर आणि तुमचे हे तास शेजारी ठेवून मग ठरवा. माझा कल, खरे सांगायचे तर, विकत घेण्याकडे आहे.

माणसांविषयी मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे. लग्नाच्या दिवशी आई, मावशी आणि तुम्ही स्वयंपाकघरात असता कामा नये. पैशांची बचत होते ती कुणाच्या तरी श्रमांनी होते, आणि ते श्रम नवरीच्या आईने आणि बहिणीने त्या दिवशी द्यायचे ठरवले, तर विधी चालू असताना आई भाताकडे धावत असेल आणि बहिणीची नजर तुम्हाला शोधत असेल. बहिणीला ‘जमणार नाही’ असे वाटते त्यामागे कदाचित हीच काळजी असेल, तिला एकदा मोकळेपणाने विचारून पाहा. आईचा हात जेवणाला लागावा ही इच्छा मला पूर्ण समजते, आणि तिचा मान ठेवायला आदल्या दिवसापर्यंतची सगळी कामे आहेत : मसाला तिने करावा, गोड पदार्थ तिने करावा, चव तिने ठरवावी. पण लग्नाच्या दिवशी शेगडीजवळ दोन मैत्रिणी आणि पैसे देऊन बोलावलेली किमान चार-पाच माणसे असावीत. त्यांतली दोन वाढायला, दोन भांडी घासायला आणि एक सामान भरत राहायला. या पाच माणसांची मजुरी हा मला या सगळ्या बेतातला सर्वांत सार्थकी लागणारा खर्च वाटतो. शिवाय एकीला मुख्य नेमा, जिचा शब्द त्या दिवशी शेवटचा असेल. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही हे आधीच नम्रपणे सांगून ठेवा, म्हणजे ऐनवेळी चारजण चार सूचना देत नाहीत.

काम करणाऱ्यांपैकी कुणाला उलट्या किंवा जुलाब झाले असतील, तर ते थांबल्यानंतर पुढचे ४८ तास त्या व्यक्तीने अन्नाला हात लावू नये, मग ती व्यक्ती कितीही जवळची असो. नोरोव्हायरस अशाच हातांतून पसरतो आणि त्यावर अल्कोहोलचे सॅनिटायझर भरवशाचे नाही. साबण आणि वाहते पाणी घेऊन निदान वीस सेकंद हात धुतलेलेच उपयोगी पडतात. बोटाला कापले असेल, तर पट्टी लावून वर हातमोजा घालावा. ऐनवेळी कुणीतरी गळेल असे गृहीत धरून एखादे माणूस जास्तीचे तयार ठेवा.

वाढण्याची व्यवस्था लोक शेवटी पाहतात आणि तिथेच तारांबळ उडते. एकाच बाजूने रांग लावली आणि दर अर्ध्या मिनिटाला एक पाहुणा ताट भरून बाजूला झाला, तरी १५० पाहुण्यांना सव्वा तास लागतो. शेवटचा पाहुणा ताट घेईपर्यंत पहिल्याचे जेवून हात धुऊन झालेले असतात. तीच व्यवस्था दोन टेबलांवर, दोन्ही बाजूंनी घेता येईल अशी मांडली, तर चार रांगा होऊन हे काम वीस मिनिटांच्या आत आटोपते. ताटे रांगेच्या सुरुवातीला आणि चमचे-रुमाल अगदी शेवटी ठेवा, म्हणजे हात मोकळे राहतात. पाणी आणि सरबते जेवणाच्या टेबलापासून दूर ठेवा. भात आणि ब्रेड आधी, महागाचा पदार्थ सर्वांत शेवटी आणि तो वाढप्याच्या हातून, अशी मांडणी केली तर तो पदार्थ शेवटच्या पाहुण्यापर्यंत पुरतो. प्रत्येक पदार्थासमोर त्यातले घटक लिहिलेली पाटी ठेवा आणि शेंगदाणे, दूध, गहू, अंडे यांचा उल्लेख ठळक करा. प्रत्येक भांड्याचा डाव वेगळा हवा, कारण ॲलर्जी असलेल्या पाहुण्याला दुसऱ्या पदार्थाचा माखलेला डावही बाधू शकतो.

टेबलावर सगळे अन्न एकदम मांडू नका. छोट्या ट्रेमध्ये काढा आणि संपेल तसा ताजा ट्रे आणा. अर्ध्या संपलेल्या ट्रेवर नवे अन्न ओतू नका. अन्नात खुपसून तापमान सांगणारा थर्मामीटर विकत घ्या, तो महाग नसतो. गरम करताना मध्यभागी ७५ अंश आणि वाढताना ६० अंशांच्या वर, एवढे दोन आकडे ज्या मैत्रिणीकडे हे काम असेल तिला कागदावर लिहून द्या. वर सांगितल्याप्रमाणे गार करण्यात गेलेला वेळ सोडून, ५ ते ६० अंशांच्या मधल्या टप्प्यात एकूण चार तासांहून अधिक राहिलेले अन्न टाकून द्यायचे आहे, ते कितीही चांगले दिसत असले तरी. जेवणाच्या टेबलावर राहिलेले अन्न डब्यांत भरून पाहुण्यांबरोबर पाठवू नका. पाठवायचे असेल, तर मुळातच टेबलावर न गेलेले आणि गारच ठेवलेले ट्रे पाठवा.

यातले काहीच जमत नसेल, तरी खर्च कमी करण्याचा एक मार्ग उरतो आणि त्याचा विचार फार कमी लोक करतात. समारंभ जेवणाच्या वेळेला न ठेवता दोन जेवणांच्या मधल्या वेळेत ठेवा आणि ‘चहा व अल्पोपाहार’ असे निमंत्रणातच स्वच्छ लिहा. पूर्ण जेवणाची अपेक्षा नसली की माणशी लागणारे अन्न बरेच कमी होते, आणि पाचजणींनी आधी करून ठेवता येणारे कोरडे पदार्थ पुरेसे ठरतात. मात्र निमंत्रणात लिहिले नाही तर पाहुणे उपाशी येतील, आणि त्यांची काही चूक नसेल.

आता लगेच काय करायचे ते सांगते. येत्या आठवड्यात हॉलची भेट आणि केटररचे दोन वेगळे आकडे उरकून घ्या. त्यानंतर महिन्याभरात वीस-पंचवीस नातेवाइकांना जेवायला बोलावून निवडलेले पाच पदार्थ त्याच कृतीने, भाड्याच्याच शेगडीवर आणि पातेल्यात करून पाहा. किती वाजता सुरुवात केली, प्रत्येक पदार्थाला किती वेळ लागला, किती उरले, कोणते भांडे कमी पडले आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही पाचहीजणी किती थकला होता, हे सगळे लिहून ठेवा. त्या दिवशीच धाप लागली, तर सहापट माणसांसाठी हा मार्ग तुमचा नाही, आणि तेव्हा अजून अडीच महिने हातात असतील. केटररला त्याच वेळी कळवा, म्हणजे फक्त अन्न पोचवण्याच्या किंवा फक्त माणसे देण्याच्या बोलीवर तो तुमची तारीख राखून ठेवू शकेल.